चांद्या आणि गिधाडांची पंगत

३ नोव्हेंबर १९३५, वाटूर

आजपासून रोजनिशी सुरू. पुष्कळ दिवस मनात होतं, पण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडलं.

काल तहसीलदार साहेबांचा दौरा आल्ता. चावडीपुढं लिंबाखाली खुर्ची टाकून बसले. सरकारी काम उरकल्यावर त्यांनी आभाळाकडं बोट केलं आणि विचारलं, इकडं गिधाडं जमतात ती कुठं, मेलेल्या ढोरावर आधी कोण उतरतं, खाताना पहिला मान कुणाचा, हे गावात कुणाला ठाऊक आहे काय. साहेबांना पाखरांचा भारी शौक. सगळी मंडळी आपापल्या पायाचे अंगठे बघत बसली. मी म्हणालो, हुजूर, मला ठाऊक आहे.

का म्हणालो ते सांगता येणार नाही. पण म्हटल्याबरोबर ध्यानात आलं की मला लहानपणापासून गिधाडांची आवड आहे.

साहेब खूश. त्यांचे एक दोस्त हैदराबादेत पाखरांचं म्युझियम काढून राह्यले. तिथं जाणता माणूस पाहिजे, कायमची पोस्ट. पुढच्या दौऱ्यात मला गिधाडांची पंगत दाखव, मी तुझं नाव कळवतो, असं म्हणाले. म्हणजे पोस्ट मिळालीच. फक्त दाखवायचं तेवढं राहिलं.

घरी सांगितलं. मायनं देवापुढं साखर ठेवली. नंदा, म्हणजे आमचं कुटुंब, म्हणाली, तुम्हाला कोंबडी अन् घुबड वळखू येत न्हाई. हे एकदाच झालं होतं आणि तेव्हा अंधार होता.

संकल्प: पहाटे चारला उठणे. गार पाण्यानं अंघोळ. दिवसभर ऑब्झर्व्हेशन. संध्याकाळी इंग्रजी.

४ नोव्हेंबर, सकाळी नऊ

चारला उठलो नाही. कडूबा म्हणाला की ऊन तापल्याशिवाय गिधाडं उडत नाहीत. मग चारला उठणं हे सायन्सला धरून नाही. संकल्पात दुरुस्ती केली. कडूबा माझा धाकटा भाऊ. शेती तो बघतो. मी शिकलेला असल्यामुळं विचार बघतो. (मॅट्रिक दोन्ही वेळा हँडरायटिंगमुळं राहिली.)

अंघोळीचं पाणी गार होतं म्हणून तापवून घेतलं.

८ नोव्हेंबर

दुर्बीण आली! जालन्याच्या छावणीत एका म्हाताऱ्या ठेकेदाराकडून आणवली. उजव्या काचेत चीर आहे, पण गिधाड बघायला एक डोळा पुष्कळ.

माळवदावर चढून पहिलं ऑब्झर्व्हेशन केलं. दिसलं ते शेजारच्या झुंबरबाईचं अंगण. तिला वाटलं, मी तिच्याकडं बघून राह्यलो. ती जे बोलली ते इथं लिहीत नाही. पासष्टीच्या बाईला एवढा गैरसमज शोभत नाही. संकल्प: दुर्बीण वरच्या बाजूला धरणे.

११ नोव्हेंबर

गावात मेलेली ढोरं टाकायची माळावर एक जागा आहे, तिथं गेल्तो. एकही गिधाड नाही. जुनी हाडकं पांढरी पडलेली. दिवसभर बाभळीखाली बसून होतो. दुपारी भाकरी सोडली तर वरून घार आली आणि भाकरी उचलून गेली. ठेचा तसाच. ऑब्झर्व्हेशन पहिलं: घार तिखट खात नाही.

येताना पुंजाराम भेटला. तो महारवाड्यातला शहाणा माणूस, बाहेरगावच्या सभांना जातो. मी विचारलं, हल्ली ढोरं येत नाहीत काय. तो म्हणाला, आमच्या बैठकीत ठरलं, मेलेलं ढोर ओढायचं काम आम्ही सोडलं, ज्याचं ढोर त्यानं ओढावं. आता जो तो आपल्याच रानात खड्डा करून पुरून राह्यला. मी म्हणालो, सुधारणा उत्तम आहे, माझा फुल सपोर्ट, फक्त साहेबांचा दौरा होईपर्यंत थांबता आलं तर बघा.  पुंजाराम म्हणाला, भाऊ, तुम्हाला एवढी नड असंल तर तुम्ही ओढा की, आमची काई ना न्हाई. मी म्हणालो, माझी कंबर.

१५ नोव्हेंबर

गिधाडं वासावर येतात हे सगळ्या जगाला माहीत आहे. प्रयोग सुरू केला. मेलेली घूस टोपलीखाली झाकून माळवदावर ठेवली.

१८ नोव्हेंबर

प्रयोग बंद. वासावर आले ते असे: माय, नंदा, झुंबरबाई, मारुतीचा पुजारी. पुजाऱ्यानं तर सोवळं सोडून धाव घेतली. गिधाड एकही नाही. थंडीचे दिवस आहेत, सर्दी झाली असावी.

नंदानं माळवद धुवायला लावलं. मीच धुतलं. हे नोकरीवाल्याला करावं लागणार नाही.

२६ नोव्हेंबर

रात्री आयडिया सुचली. ढोर मिळत नाही, तर मेल्यासारखं दिसणारं काहीही चालेल. मीच का नाही?

माळावर जाऊन उताणा पडलो. पाय ताठ, तोंड उघडं, डोळे किलकिले. फार वेळ गेला नाही तोच आभाळात लांब दोन ठिपके फिरायला लागले.  मनाला सांगितलं, हलायचं नाही बिलकुल. ऊन चांगलं पडलं होतं. डोळा लागला.

मला कुणी धनगरानं पाहिलं. हलवून बघायचं सोडून तो बोंबलत गावात गेला. पुढचा प्रकार थोडक्यात: सगळ्यांत आधी झुंबरबाई पोचली आणि माझ्यासारखा गुणी माणूस गल्लीत झाला न्हाई म्हणून ऊर बडवायला लागली. ती अशी बोलेल असं वाटलं नव्हतं, म्हणून थोडा वेळ तसाच पडून ऐकलं. मग मायला दोघींनी धरून आणली. मागून कडूबा आणि भावकीतली माणसं. सोबत बांबू! एवढी घाई कशाची होती हे मी नंतर विचारलं, तर कडूबा म्हणाला, दादा, दिवस मावळायच्या आत उरकावं लागतंय. मी उठून बसलो तर दोघंजण बांबू टाकून पळाले.

नंदा सगळ्यांच्या शेवटी आली, चालत. म्हणाली, मला ठावं व्हतं, दुपारचा टाइम हाय, निजले असतीन.

गिधाडं उतरली नाहीत. गर्दी केल्यावर कशी उतरतील? सायन्सची या गावात कुणाला कदर नाही.

४ डिसेंबर

परतूर स्टेशनाजवळ रेल्वेखाली म्हैस आली असं कळलं. ताबडतोब छकडं जुंपायला सांगितलं. कडूबा म्हणाला, बैल कामावर हायत. दुसरं छकडं मिळेपर्यंत, रस्त्यात चाकाची पडलेली खीळ सापडेपर्यंत, आणि (हे खरं आहे) वाटेत हुरड्याचं आमंत्रण आलं तिथं थोडं थांबेपर्यंत दिवस कलला. पोचलो तर सापळा स्वच्छ. फक्त एकच गिधाड होतं, इतकं जेवलेलं की त्याला उडता येईना. मी दुर्बीण लावून जवळ गेलो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि सगळं ओकून टाकलं. मग हलकं होऊन उडालं.

साहेबांना सांगण्याजोगं हे नाही.

१३ डिसेंबर

झुंबरबाईची म्हैस दोन दिवस रवंथ करीना असं कानावर आलं. सकाळीच दुर्बीण, पाणी आणि भाकरी घेऊन तिच्या गोठ्याच्या दारात जाऊन बसलो. झुंबरबाईला वाटलं, औषध घेऊन आलो. चहा दिला. मी खरं ते सांगितलं, की मेल्याबरोबर मला कळवा, फार उपकार होतील. तिनं शेणपाण्याची बादली उचलली.

संध्याकाळी म्हशीनं उठून दूध दिलं. आता गावात मी दिसलो की लोक गोठ्याची कवाडं लावून राह्यले. एकानं तर माझ्या देखत आपल्या शेळीवरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. अडाणीपणा.

२१ डिसेंबर

साहेबांचे कारकून, म्हणजे पेशकार, त्यांचा निरोप: साहेबांचा दौरा संक्रांतीच्या मागंपुढं.  ढोर कुठून आणू?

२२ डिसेंबर

देव मोठा आहे. आपल्याच गोठ्यात आहे!

चांद्या कालपासून उठला नाही. चांद्या म्हणजे आमचा म्हातारा बैल, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आणलेला. आबा गेले, चांद्याचा जोडीदार गेला, हा मागं राहिला. दोन-तीन वर्षं जू खांद्यावर घेतलं नाही. कडूबा म्हणाला, चार दिसाचा सोबती हाय. हे ऐकून मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही.

कडूबाला म्हणालो, पुरायचा नाही, माळावर टाकायचा. चांद्याचं नाव हैदराबादेत जाईल. कडूबा म्हणाला, अन् माळापोत ओढणार कोण? मी म्हणालो, मी. माय म्हणाली, अजून जिता हाय तो, त्याच्यापुढं बोलू नका.

फक्त एक अडचण. चार दिवसांत गेला तर साहेब यायच्या आधीच पंगत उठेल. चांद्याला संक्रांतीपर्यंत टिकवलं पाहिजे. म्हणजे टायमिंगचा प्रश्न आहे, बाकी काही नाही. टायमिंग मी स्वतः हातात घेतलं आहे.

२३ डिसेंबर

गूळ-पाणी पाजलं. तोंडात हात घालून पाजावं लागतं. ज्वारीची आंबील दिली. निम्मी माझ्या अंगावर. खाली नवा कडबा पसरला आणि अंगावर तरट. कडूबा बघत उभा होता. म्हणाला, दादा, तुम्ही गोठ्यात पाय ठेवलेला मी आज पाह्यला. मी म्हणालो, हे गोठ्याचं काम नाही, सायन्सचं आहे.

३० डिसेंबर

चांद्याला एका कुशीवर ठेवलं तर कातडं सोलपटतं. म्हणून कूस बदलावी लागते. दोघांचं काम आहे. कडूबा आणि मी. तिळाचं तेल कोमट करून पाय चोळले. नंदा दारातून म्हणाली, माजे पाय कवा चोळले न्हाईत. मी म्हणालो, तुझ्यावर गिधाडं उतरणार आहेत काय. दिवसभर जेवायला मिळालं नाही.

चांद्याची एक खोड कळली. मी त्याच्या मागं उभा राहिलो तर खात नाही. पुढं बसलो की खातो आणि मधून मधून माझं कोपर चाटतो. मिठासाठी चाटतो हे उघड आहे.

१० जानेवारी १९३६

निरोप: साहेबांना सर्दी. दौरा पुढं ढकलला. कधी ते नक्की नाही.

माझ्या सायन्सचं काय? चांद्याला अजून टिकवणं आलं. सरकी सुरू केली.

१४ जानेवारी, संक्रांत

चांद्याला तीळगूळ दिला. दोन वेळा दिला, कारण पहिला त्यानं पाडला.

२७ जानेवारी

घात झाला. सकाळी गोठ्यात गेलो तर चांद्या उभा!

पाय थरथरत होते, पण उभा. माझ्याकडं बघून त्यानं शेपूट उडवली. माय ओवाळायला निरंजन घेऊन आली, कडूबानं हसून माझ्या पाठीवर थाप मारली. मी डोक्याला हात लावून बसलो. पाच आठवड्यांची मेहनत मातीत. दुःख विसरायला त्याला आणखी एक गुळाचा खडा दिला. त्याचा आनंद मला झाला असा गैरसमज घरात पसरला आहे.

६ फेब्रुवारी

परतूरहून जुगलकिशोर शेठ आले होते. त्यांचा सरकीचा व्यापार, आमची गिऱ्हाइकी जुनी. म्हणाले, सुनने में आया, बद्रीनाथजी (म्हणजे मी) कामातून गेलेल्या बैलाची सेवा करून राह्यले, असा जीवदयेवाला माणूस आम्ही पाह्यला न्हाई. चांद्यापुढं हात जोडले आणि गाडीतून सरकीचं पोतं उतरवलं, धर्मादाय. त्यांच्या कुटुंबानं, लाडबाईंनी, बैलाला घालायला गोड पुऱ्या पाठवल्या होत्या. त्यांचा भाव मोडणं मला बरं वाटलं नाही. पुऱ्या चांद्याला घातल्या. दोन मी खाल्ल्या, तपासण्यापुरत्या.

१९ फेब्रुवारी

साहेब येऊन गेले. लिहवत नाही, पण लिहितो.

न कळवता आले. थेट आमच्या वाड्याच्या दारात. म्हणाले, चला, गिधाडांची पंगत दाखवा. मी म्हणालो, हुजूर, ढोर तयार आहे, फक्त थोडं बाकी आहे. साहेबांना वाटलं, अंगणात काहीतरी मेलेलं असेल म्हणून नाकाला रुमाल लावून आत आले. चांद्या मधोमध उभा. देवासाठी केलेला झेंडूचा हार साहेबांना घालायचा होता, तो खुंटीवरून ओढून चांद्या खाऊन राह्यला होता.

साहेबांनी विचारलं, यही है? मी म्हणालो, जी. मग खुर्ची देऊन सगळं सांगितलं, टायमिंगसकट. साहेब हसता हसता खुर्चीवरून घसरले. पेशकारांनी धरलं. डोळे पुसून म्हणाले, पुष्कळ माणसं पाह्यली, पण गिधाडासाठी ढोर पोसणारा पहिलाच. रागावले नाहीत. एप्रिलच्या अखेरीस शेवटचा दौरा, त्यानंतर त्यांची बदली. दोस्ताला तोवरच नाव कळवायचं आहे. म्हणाले, तेवढ्यात दाखवलं तर पोस्ट तुझी, नाही तर दुसरा माणूस बघतो.

म्हणजे साहेब खूश आहेत.

२० फेब्रुवारी

नंदानं सगळं ऐकलं आणि म्हणाली, मंग गूळ-सरकी बंद करा की. इतकी साधी गोष्ट मला सुचली नाही हे नवल. हैदराबादला तिलाही यायचं आहे हे या बोलण्यावरून उघड झालं. ती नाही म्हणते.

आजपासून चांद्याचा गूळ बंद. सरकी बंद. कोरडा कडबा. डिसिप्लिन.

२१ फेब्रुवारी

गूळ दिला. तो बघून राह्यला होता. शिवाय उपाशी ठेवून मारलेल्या ढोरावर गिधाडं वेगळी वागत असतील, म्हणजे रिझल्ट खोटा येईल. नैसर्गिकच पाहिजे.

नंदाला कारण सांगितलं. ती हसली. बायकांना सायन्स समजत नाही.

१० मार्च

चांद्याला घेऊन विहिरीपर्यंत फेरी. तो पुढं, मी मागं. फेरी चांगली. हल्ली गावातली माणसं मला बघून कवाडं लावत नाहीत. उलट झुंबरबाईनं तिच्या वासराला काय द्यावं म्हणून विचारलं. मी सांगितलं, वासरू बरं झालं. माझं लक्ष अर्थात आभाळाकडं असतं.

दुर्बीण कुठं ठेवली ते सापडत नाही. नंदानं हरभऱ्याच्या कणगीतून काढून दिली.

२ एप्रिल

ऊन फार. चांद्या सावलीतून हलत नाही. पाणी पितो, पण थोडं.

११ एप्रिल

चांद्या बसला. उठवला तर उठला नाही. कडूबा आणि मी दोन्ही बाजूंनी ओंडका घालून उचलला, पायांनी जोर धरला नाही. वयच आहे, दुसरं काही नाही, असं कडूबा म्हणाला. साहेबांचा कॅम्प बावीस तारखेला. टायमिंग आता आपोआप बसून राह्यलं. मला काही करावं लागणार नाही. ही समाधानाची गोष्ट आहे.

१५ एप्रिल

गूळ खाल्ला नाही.

१७ एप्रिल

गूळ बारीक करून, पाण्यात कालवून, बोटानं. थोडा घेतला. कडूबा म्हणाला, दादा, आता कशाला, चार-पाच दिसांत साहेब येऊन राह्यले, आता तर तुमचंच काम होऊन राह्यलं. मी त्याच्यावर विनाकारण ओरडलो. उन्हानं डोकं तापतं.

१९ एप्रिल

माश्या फार. लिंबाचा पाला घेऊन बसलो. रोजनिशी लिहायला वेळ नाही.

२२ एप्रिल, संध्याकाळ

साहेबांचा कॅम्प आला. तंबू चावडीमागच्या आमराईत. भेटायला गेल्तो. म्हणाले, या खेपेला बैल नाचून दाखवतो काय? पेशकार हसले. मी म्हणालो, हुजूर, एक-दोन दिवसांत.  साहेब म्हणाले, मग तुझं नशीब जोरावर आहे.

भावकीतली माणसं घरी येऊन अभिनंदन करून गेली. कडूबानं नवी रस्सी आणून ठेवली. माळावर ओढायला स्वतःची बैलजोडी देतो म्हणाला. मला ओढावं लागणार नाही. सगळं इतकं बराबर जुळून आलं की आणखी काय पाहिजे.

२३ एप्रिल, सकाळ

चांद्या गेला. उजाडता उजाडता. मी पाणी घेऊन गेलो तेव्हा मान माझ्या पायाशी टाकली, तेवढंच.

साहेबांना निरोप पाठवला. ते दुर्बीण आणि पेशकारांना घेऊन माळाकडं निघाले. पोस्ट हातात आली. दोनदा डोळे धुतले, गोठ्यात धूळ फार असते.

२३ एप्रिल, दिवस मावळताना

आज झालेल्या गोष्टीत माझी चूक नाही. कारणं लिहून ठेवतो.

चांद्याच्या मागच्या पायांना कडूबानं रस्सी बांधली, बैलजोडी जुंपली. जोडीनं ओढ घेतली आणि चांद्याचं डोकं उंबरठ्यावर आपटलं. मी म्हणालो, थांब. रस्सी कच्ची आहे. कडूबा म्हणाला, नवी हाय. मी म्हणालो, माळाची वाट खडकाळ आहे, कातडं फाटेल, ऑब्झर्व्हेशन बिघडेल. कडूबा म्हणाला, गिधाडाला फाटकंच पाहिजे, दादा. मी म्हणालो, वारा उलटा आहे. मग मला आणखी कारण सुचेना.

कडूबा म्हणाला, मंग कुठं न्यायचा? मी म्हणालो, विहिरीजवळ. त्यानं रस्सी सोडली. चौघांना बोलावून चांद्याला गाडीवर चढवला आणि बैल विहिरीच्या रानाकडं वळवले.

जमीन उन्हानं दगड झालेली. कुदळ मारली की ठिणगी. माझ्या हाताला फोड आले, कंबर तर गेलीच. मी कुदळ सोडली नाही हे मात्र लिहून ठेवतो, कारण उद्या कुणी मानणार नाही. निम्मा खड्डा झाला असेल तेव्हा अंगावरून सावली गेली. मग दुसरी. वर बघितलं नाही, पण कळलं. सूं असा आवाज करून एकेक जण बांधावर उतरायला लागला. सहा महिने ज्यांच्यासाठी मी घूस झाकली, मेल्यासारखा पडलो, ते सगळे माझ्या बापाच्या बांधावर ओळीनं येऊन बसले. आमंत्रणाशिवाय!

मी कुदळ टाकली आणि ढेकळं उचलली. जी शिवी आठवली ती दिली. झुंबरबाईनं मागं मला दिलेल्यासुद्धा कामी आल्या. गिधाडं उडायची आणि थोडी पलीकडं बसायची. मायनं चांद्याच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, अंगावर नवं धोतर घातलं, माझंच होतं. नंदानं लोणच्यासाठी आणलेलं मिठाचं पोतं खड्ड्यात ओतलं, मला न विचारता. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, रडा की, कोण बघून राह्यलंय.

साहेब बघून राह्यले होते. माळावर वाट बघून कंटाळून गिधाडांच्या मागं मागं इकडं आले होते आणि शेजारच्या आंब्याखाली दुर्बीण डोळ्याला लावून बसले होते. पेशकार काहीतरी लिहून घेत होते. मी रडलो. धूळ होती हे खरं, पण रडलो.

२४ एप्रिल

सकाळी साहेबांनी बोलावलं. रागावले नव्हते, तेच जास्त वाईट. विचारलं, काल आधी कोण उतरलं, लाल मानेचं का पांढऱ्या पाठीचं? मी म्हणालो, बघितलं नाही. घारी आधी आल्या का नंतर? बघितलं नाही. एकूण अंदाजे किती? मोजली नाहीत. मग म्हणाले, सहा महिन्यांत गिधाडांविषयी कळलं तरी काय, एवढं सांग. मी विचार करून खरं ते सांगितलं, की हुजूर, ढेकूळ मारलं की उडतात.

 पेशकारांनी काल आंब्याखाली बसून उर्दूत जे लिहिलं होतं त्यात आधी कोण, मागून कोण, सगळं होतं. साहेब ते दोस्ताकडं पाठवून राह्यले. पोस्ट पेशकारांच्या मेव्हण्याला. तो औरंगाबादला असतो, पाखरांचं त्याला काही ठाऊक नाही, पण हँडरायटिंग चांगलं आहे म्हणे.

घरी सांगितलं. माय म्हणाली, जाऊ दे. नंदानं चहा केला.

दुपारी खड्ड्यावर बाभळीचे काटे टाकायला गेल्तो, कोल्ही उकरतात म्हणून. गिधाडं अजून बांधावर बसलेली. लाल मानेचं एक मधोमध, बाकीची त्याला जागा सोडून दोन्ही बाजूंना, घारी वर फिरत. इतक्या जवळून इतकं स्पष्ट पुन्हा दिसायचं नाही. शांतपणे बसून सगळं टिपून घ्यायला पाहिजे होतं. दिवस बुडेपर्यंत ढेकळं मारली. खांदा उचलत नाही, म्हणून आज एवढंच.